नाझ लार्खरच्या स्कीला हळू जाता येत नव्हतं

नाझ लार्खरने ती स्कीची जोडी घेतली, ती बायकोसाठी. हे वाक्य तो पुढे कितीतरी वर्षं म्हणत राहिला, आणि दर वेळी 'बायकोसाठी' या शब्दापाशी त्याचा आवाज चढावर जुनी मोटार अडखळावी तसा अडखळायचा. कारण जोडी होती त्याच्या मापाची, त्याच्या वजनाची, लालभडक रंगाची, आणि बायकोने ती मागितलेलीच नव्हती.

बायकोने, म्हणजे बुर्गीने, मागितलं होतं ते निराळंच. हिंटरवांग गावात दर एकोणीस मार्चला, संत जोसेफाच्या सणाच्या सकाळी, जोडप्यांची शर्यत असते. या शर्यतीत जोरात येणाऱ्याला कुणी विचारत नाही. आधी नवरा बर्फाच्या उतारावरून स्कीवर उतरतो, मागून बायको, आणि ज्या जोडप्याच्या दोन वेळांत सगळ्यात कमी अंतर, ते जोडपं पहिलं. मनगटावर घड्याळ बांधायला बंदी. बक्षीस म्हणून धुरावर सुकवलेली डुकराची मांडी मिळते, पण मांडीचं काय, ती ईस्टरपर्यंत संपते. खरं बक्षीस खानावळीच्या भिंतीवर असतं. तिथल्या लाकडी पाटीवर दोघांची नावं रंगवतात, मध्ये एक बदाम काढतात, आणि मग ती दोघं भांडोत, म्हातारी होवोत, मरोत, पाटीवर ती शेजारी शेजारीच राहतात.

लार्खर जोडपं एकोणतीस वर्षं उतरत होतं. तीनदा दुसरं आलं होतं. गेल्या वर्षी तर तीन दशांश सेकंदाने पाटी हुकली. आणि यंदा जानेवारीत डॉक्टरांनी बुर्गीच्या उजव्या गुडघ्याचा फोटो दिव्यापुढे धरून सांगितलं, "जोसेफाच्या दिवसापर्यंत घ्या खेळून. एप्रिलमध्ये शस्त्रक्रिया. त्यानंतर स्कीला रामराम."

बुर्गी घरी आली, पातेल्यात सार उकळायला ठेवलं आणि त्यात पावाचे गोळे एकेक करून सोडत म्हणाली, "पाटीवर एकदा नाव लागलं असतं तर बरं वाटलं असतं रे."

बस, एवढंच. पण 'असतं'वर संपणारं वाक्य नवऱ्याच्या काळजात फार खोल जातं. नाझने त्याच क्षणी ठरवलं की यंदा पाटी आणायची.

वास्तविक त्या दोघांजवळ एक हुकमी उपाय होता. लग्नाच्या वर्षी बुर्गीने शिकवलेलं चार ओळींचं गाणं. डोंगरातल्या बायका गवत कापताना म्हणतात त्यातलं:

वरच्या कुरणी गाय हंबरे,
खालच्या कुरणी घंटा;
तूही हळू ये, मीही हळू ये,
नको वाटेत तंटा.

वरच्या झोपडीतून सुटलं की हे गाणं सुरू करायचं. दर ओळीला एक झेंडा, दर झेंड्याला एक वळण. आठ वेळा म्हणून झालं की खालची रेघ. दोघं तेच गाणं त्याच लयीत म्हणत, म्हणून दोघांची वेळ सख्ख्या बहिणींसारखी दिसे. मग तीन दशांश कुठे गेले? त्याचं उत्तर वरच्या मजल्यावरच्या लेओनहार्टने दिलं. हा गृहस्थ चाळीस वर्षं पैसे घेऊन स्की शिकवत होता. निवृत्तीनंतर फुकट शिकवायचा, म्हणून लोक त्याला टाळत.

"नाझ, लेका, गाण्यात खोट नाही, तुझ्या फळ्यांत आहे," जिन्यात गाठून लेओनहार्ट म्हणाला. "मार्चच्या सकाळी उतार कसा असतो? रात्रभर गोठलेला, यंत्राने विंचरलेला, काचेसारखा. त्यावर तुझी ती सतरा वर्षांची जोडी दर वळणाला घसरते. कधी वीतभर, कधी हातभर. तुझी बायको हलकी, ती घसरत नाही. तू म्हणजे दुधाचा हंडा जिन्यावरून घरंगळल्यासारखा येतोस."

"मग करू काय?"

"शर्यतवाल्यांच्या धर्तीची घे. कमरेला बारीक, आत धातूचे दोन पत्रे. कठीण बर्फात कड रुतवली की रुळावरून गेल्यासारखी जाते. दहा वेळा उतर, दहाही वेळा तीच रेघ."

तीच रेघ! नाझ ग्रामपंचायतीच्या कचेरीत बावीस वर्षं नोंदणी कारकून होता. 'दहाही वेळा तेच' हे शब्द त्याच्या कानाला स्तोत्रासारखे लागले.

बुर्गीने लाल जोडी पाहिली, बोटाने कड चाचपली आणि विचारलं, "पण तू बदललास तर आपण दोघं जुळणार कसे?"

नाझने कागदावर रेघा काढून समजावलं. बुर्गीने कागद पाहिला, मग नाझकडे पाहिलं आणि कागदाची घडी करून डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली. ती तिथेच थांबायला हवी होती, असं नाझला नंतर वाटलं. कडाडून भांडायला हवं होतं तिने. पण बुर्गी भांडत नसे, हाच तिचा एक दोष.

आता अशा जोडीच्या धातूच्या कडांना कानशीने धार लावावी लागते, आणि हिंटरवांगमध्ये देवाबद्दल दोन मतं नसली तरी कडेच्या कोनाबद्दल चौदा होती. खाटकाने सत्त्याऐंशी अंश सांगितले. पोस्टवाल्याने अठ्ठ्याऐंशी. पाद्रीबुवा प्रवचन आटोपून खाली उतरले आणि हळूच म्हणाले, "अर्धा अंश खालूनही काढ, मुला, नाहीतर ती चावते." नाझने कुणाचंच मन मोडलं नाही. त्याने सगळ्यांचं ऐकलं, आणि एका कडेला एक मत, दुसरीला दुसरं, अशी चार कडांना चार मतं लावली.

हे काम तो तळघरात करायचा, आणि तळघरावर राज्य होतं तळमजल्यावरच्या झांगर्लबाईंचं. इमारतीची नियमावली त्यांना पाठ होती, कारण ती त्यांनीच लिहिली होती. तिसऱ्याच दिवशी त्या कानशीचा आवाज ऐकून दारात उभ्या राहिल्या.

"लार्खरसाहेब, वेळ काय झाली?"

"सव्वाबारा, बाई."

"बारा ते दोन विश्रांतीची वेळ. कलम सहा. आणि हा वास कसला? मेणाचा? वाळत घातलेल्या माझ्या चादरी उद्या चर्चमधल्या मेणबत्त्यांसारख्या दिसतील!"

स्कीच्या तळाला मेण लावायला इस्त्री लागते. नाझने बुर्गीची घेतली होती, आणि सांगायचं राहून गेलं होतं. दुसऱ्या दिवशी तो त्याच इस्त्रीचा कडक सदरा घालून कचेरीत गेला. सरपंचांच्या हातून त्याच्या अंगावर कॉफी सांडली, तर ती सदऱ्यावर न थांबता मोत्यांसारखी घरंगळली आणि थेट जन्मनोंदणीच्या वहीवर उतरली. त्या आठवड्यात जन्मलेल्या एकुलत्या एका मुलीच्या नावावर तो डाग अजून आहे.

झांगर्लबाईंची समजूत काढायला नाझने आपली जुनी जोडी त्यांना देऊन टाकली. बाईंनी तिचं दाराशी बाक करून घेतलं, बूट चढवायला. बाक छान झालं. सतरा वर्षं जी फळी त्याला आणि बुर्गीला एका लयीत खाली आणत होती, तिच्यावर आता झांगर्लबाई बसू लागल्या. नाझला येता-जाता चुटपुट लागे, पण शेजारधर्म म्हणून तो गप्प राही.

पहिल्यांदा नवी जोडी घेऊन तो वर गेला तो कचेरी सुटल्यावर, दुपारी. मार्चमधला दुपारचा बर्फ म्हणजे दुधात भिजलेला रवा. दिवसभर हजार माणसं त्यावरून गेलेली, जागोजाग उंचवटे. ती बारीक कमरेची राजकन्या या चिखलात पाऊल टाकेना. एक पाय रुतला, दुसरा पुढे गेला, आणि नाझ स्की-शाळेतल्या बालवर्गाच्या कडेने, सगळ्यांना अदबीने 'नमस्कार, नमस्कार' म्हणत, पाठीवर, डोकं खाली अशा स्थितीत संरक्षक जाळीत जाऊन अडकला. बालवर्गाने टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, शिकवण्यातलाच भाग आहे.

"दुपारी?" लेओनहार्टने कपाळावर हात मारला. "अरे, ही सकाळची जात! साडेआठ ते दहा. त्यानंतर तिला घरी ने, चहा पाज."

पण साडेआठला तर कचेरी. रजा हवी. रजेचा अर्ज तीन आठवडे आधी द्यावा असा नियम, आणि तो नियम बावीस वर्षं काटेकोर सांभाळणारा माणूस कोण, तर नाझच. त्याने अर्ज लिहिला, टेबलाच्या पलीकडून अलीकडे सरकवला, तारखा पाहिल्या, आणि 'मुदतीत नसल्याने नामंजूर' असा शेरा मारून स्वतःला परत केला. शेवटी सरपंचच वैतागून म्हणाले, "लार्खर, तुम्ही सकाळी या किंवा येऊ नका, पण एकटेच असं पुटपुटू नका. लोक घाबरतात." आणि सही केली.

पण रिकामा उतार हवा तर गर्दीच्या आधी जायला हवं, आणि डोंगरावर नेणारा तारेवरचा पाळणा साडेआठच्या आधी हलेना. पाळणेवाल्यांना ग्रामपंचायतीचा दाखला हवा होता. नाझने तोही लिहिला: 'सदर इसम हा शर्यतपटू असून सरावार्थ पहाटेच्या फेरीस पात्र आहे.' छप्पन्न वर्षांच्या सदर इसमाने खाली शिक्का मारला, तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. खोटा दाखला त्याने जन्मात दिला नव्हता.

पण तो दाखला खोटा राहिला नाही, हीच तर रड. पहिल्या सकाळी विंचरलेल्या उतारावर तो एकटा उभा राहिला, कड रुतवली आणि सुटला. खाली आला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. वाऱ्याचं असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं.

"कशी आहे रे नवी?" संध्याकाळी बुर्गीने विचारलं.

"ठीक आहे. जरा जडच आहे," नाझ म्हणाला.

का म्हणाला असं? ते त्याला कधीच नीट उमगलं नाही. गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी धरून बसलेल्या बाईला कसं सांगायचं की आज मी उडालो? म्हणून त्याने आनंद खिशात लपवला, आणि लपवलेला आनंद नासतो. पुढचे दोन आठवडे तो रोज सकाळी एकटाच वर गेला. रविवारी दोघांनी मिळून सराव करायची एकोणतीस वर्षांची रीत. पण रविवारी नाझ तळघरात कडा घासत असे. बुर्गी एकटी गेली. खालच्या सोप्या उतारावर एकटीच गाणं म्हणत आली, एकटीच घरी आली, आणि सार गरम करून ठेवलं.

शर्यतीच्या आदल्या दिवशी लेओनहार्ट जिन्यात थांबला. "नाझ, एक सांगायचंच राहिलं. ही जोडी वाकते ती वेगाने. हळू गेलास तर ती वाकत नाही, आणि वाकली नाही तर वळत नाही. सरळ जाते, तुझ्या कारकुनी रेघेसारखी. हिला हळू जाता येत नाही."

नाझ मटकन बसला. झांगर्लबाईंच्या बाकावर, म्हणजे आपल्याच जुन्या जोडीवर.

"आत्ता सांगतोस? गधड्या, आम्हाला अंतर कमी करायचंय!"

"तू रेघ मागितलीस, मी रेघ दिली," लेओनहार्ट शांतपणे म्हणाला. "उपाय आहे म्हणा. दर झेंड्यानंतर स्की आडवी घाल, बर्फ खरडव, वेग मार. मांड्या फाटतील, पण जमेल. फक्त मनाला आवर घालता आला पाहिजे."

मनाला आवर! नाझला वाटलं, त्यात काय एवढं. बावीस वर्षं दुसरं काय केलं आपण?

एकोणीस मार्चची सकाळ निरभ्र उगवली. रात्री कडाक्याचं गोठलं होतं. उतार असा विंचरलेला, जशी आईने सणाच्या दिवशी लेकीची वेणी घालावी. वर झोपडीपाशी बुर्गीने त्याच्या शिरस्त्राणाचा पट्टा नीट केला.

"म्हण हं नीट," ती म्हणाली. "घाई नको. मी तुझ्या मागोमाग आहे."

"म्हणतो," नाझ म्हणाला, आणि तो अगदी मनापासून म्हणाला. ही गोष्ट त्याच्या बाजूने नोंदवून ठेवायला हवी.

घंटा झाली. 'वरच्या कुरणी गाय हंबरे' एवढं त्याने म्हटलं. पहिल्या झेंड्यापाशी कड बर्फात शिरली. दुसऱ्या झेंड्यानंतर आडवी घालायची होती. त्याला वाटलं, तिसऱ्यानंतर घालू. तिसऱ्यानंतर वाटलं, चौथ्यानंतर. मग कुठली गाय, कुठली घंटा. रेघ आली तेव्हा त्याला वाटलं, आत्ता तर सुटलो होतो.

माणसं आरडाओरडा करत होती. कर्ण्यातून आवाज आला, "एक्केचाळीस सेकंद! मंडळी, पन्नाशीपुढच्या पुरुषांत हा गावचा विक्रम आहे! आपले नोंदणी कारकून, इग्नाझ लार्खर!" खाटकाने त्याला उचलून घेतलं. "सत्त्याऐंशी अंश! मी सांगितलं होतं!" पाद्रीबुवा लांबून बोटाने अर्धा अंश दाखवत होते. आयुष्यात पहिल्यांदा सारं गाव नाझसाठी टाळ्या वाजवत होतं, आणि खाटकाच्या खांद्यावरून तो वर पाहत होता.

वर झोपडीतून एक निळा ठिपका सुटला होता. सावकाश, न घसरता, ओळीला एक झेंडा. जवळ आली तशी तिचे ओठ हलताना दिसले. उजव्या वळणाला ती गुडघा जपत होती, तरी लय मोडत नव्हती. आठव्या वेळी शेवटची ओळ संपली आणि तिने रेघ ओलांडली.

बावन्न सेकंद आणि दोन दशांश. एकोणतीस वर्षांत नाझची जी वेळ यायची, नेमकी ती.

ती थांबली, दम घेतला, हसून वेळेच्या फलकाकडे बघायला मान वर केली. तिथे दोन आकडे शेजारी शेजारी लागले होते. हसू ओठांवरून लगेच गेलं नाही. हळूहळू उतरलं. बुर्गी वाकून स्कीचा खटका उघडू लागली, आणि तो उघडेना. नाझ धावला, त्याने गुडघे टेकून तो उघडला. वर बघायची त्याची छाती झाली नाही.

सगळ्या जोडप्यांत सर्वांत मोठं अंतर लार्खरांचं होतं, अकरा सेकंदांहून जास्त. खानावळीच्या पाटीवर नाव लागलं ते पोस्टवाल्याचं आणि त्याच्या बायकोचं. ते तर सकाळी शर्यतीला येतानाही वाटभर भांडत आले होते. आणि हिंटरवांगची रीत अशी, की शेवटच्या जोडप्याला खानावळीच्या अंगणात दोघांनी मिळून ओढायची करवत देतात. देवदाराचा ओंडका कापून झाल्याशिवाय गावात कुणी जेवायला बसत नाही.

गाव भोवती जमलं. टोमणे सुरू झाले. "नाझ, इथे पण एकटाच पुढे जाऊ नकोस रे!" झांगर्लबाई म्हणाल्या, "दुपारी बाराच्या आत आटपा, कलम सहा." नाझने करवतीचं एक टोक धरलं, बुर्गीने दुसरं. ओंडका मांडीएवढा जाड होता. पहिल्या चार ओढींत पातं अडकलं, कारण नाझ ओढायच्या ऐवजी माफी मागत होता.

"बुर्गी, मी... आडवी घालणार होतो. खरंच. दर झेंड्याला."

"ओढ."

"ती स्कीच तशी आहे. लेओनहार्ट म्हणत होता, हिला हळू..."

"स्कीला नको बोलूस. ओढ."

तो ओढू लागला. भुसा पडू लागला. लोकांना टोमण्यांचा कंटाळा आला आणि ते आपसात बोलू लागले. तेव्हा बुर्गीने ओंडक्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

"कसं वाटलं रे वर?"

"वाईट," नाझ घाईने म्हणाला. "जड आहे फार. उगाच घेतली. उद्या विकून टाकतो."

"नाझ."

करवत दोनदा गेली, दोनदा आली.

"फार छान वाटलं," तो म्हणाला.

"हं," बुर्गी म्हणाली. "मग सांग ना नीट. पुढच्या हिवाळ्यापासून मला ऐकूनच भागवायचंय."

आणि नाझने सांगायला सुरुवात केली. आधी कचेरीतल्यासारखं, तुटक. मग हळूहळू शब्द सापडत गेले. कड बर्फात शिरते तेव्हा आवाज कसा येतो, नवं कापड एका दमात फाडल्यासारखा. घसरणं म्हणून नाहीच. पाय ठेवशील तिथे डोंगर तुझा पाय धरून ठेवतो. कमरेपाशी ती वाकते, आणि वळण संपताना सरळ होते, आणि त्या सरळ होण्यात तुला पुढच्या वळणावर अशी फेकते, झोपाळ्यावर मागून कुणी हलकेच ढकलावं तशी. तू वाकलीस ना, इतकी, की हात बर्फाला लागावा, तरी पडत नाहीस. बर्फ कठीण असेल तितकं ती जास्त ऐकते. मागे वळून पाहिलं तर उतारावर दोनच रेघा, सुरीने ओढल्यासारख्या, कुठे म्हणून फरपटलेल्या नाहीत.

"आणि भीती?" बुर्गीने विचारलं.

"दुसऱ्या वळणापर्यंत. मग भीतीच मागे राहते. तिला तेवढं जोरात येता येत नाही."

बुर्गीने डोळे मिटले होते. तिचा हात मात्र ओढत होता, आणि नाझचा हात तिच्या ओढीला कधी जुळला ते त्याला कळलं नाही. तिचा उजवा गुडघा किंचित वाकला, मग डावा.

ओंडका धपकन पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी करवत काढून घेतली, सगळे जेवणाच्या बाकांकडे पळाले. नाझ बोलायचा थांबला.

"थांबू नकोस रे," डोळे न उघडता बुर्गी म्हणाली. "आत्ता कुठे चौथा झेंडा आलाय."